नात्याचा रकाना

"सकाळी आधी कोण उठतं?" वकिलांनी विचारलं.

"मी," चष्मेवाली म्हणाली. असल्या सोप्या प्रश्नाला विचार तो काय करायचा, असं तिला वाटलं आणि तिथंच घोळ झाला. कारण अर्ध्या तासापूर्वी याच खुर्चीत बसून तिच्याबरोबर राहणाऱ्या बाईंनीही "मी" असंच उत्तर दिलं होतं.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, किडनी द्यायला परवानगी देणारी कमिटी बसली होती. कमिटी म्हणजे एक म्हातारे डॉक्टर आणि एक वकील. नवरा-बायकोनं लग्नाचा दाखला दाखवला की काम झालं. बाकीच्यांनी नातं पटवून द्यायचं, म्हणजे किडनी कुणी विकत नाही ना याची खात्री होते. रास्तच होतं म्हणा ते. पण एकवीस वर्षं एका छपराखाली संसार केलेल्या दोन बायकांना दाखला देणारं कलमच कायद्यात नव्हतं. म्हणून चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी ही चष्मेवाली, बाईंना आपली किडनी देता यावी म्हणून, पिशवीभर कागद घेऊन आली होती: भाडेकरार, विजेची बिलं, फोटोंचं पाकीट. फोटोंत कुठे बाई एकट्या, कुठे ही एकटी. तिसऱ्या माणसाच्या हाती कॅमेरा द्यायची दोघींना कधी छातीच झाली नव्हती.

"तुमची उत्तरं जुळत नाहीत," वकील म्हणाले. "त्या म्हणतात, मीच आधी उठते, पण हिची झोप मोडू नये म्हणून तशीच पडून राहते."

चष्मेवालीला हसू आलं आणि त्यापाठोपाठ डोळे भरून आले.

"साहेब, मीही तेच करते."

एकवीस वर्षं रोज पहाटे दोघी जाग्या होत्या, डोळे मिटून, एकमेकींसाठी कूस न बदलता. डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले. वकिलांनी पेनाचं टोपण उगाच काढलं आणि परत लावलं.

वकील मनानं वाईट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघा, नात्याच्या रकान्यात 'मानलेली बहीण' लिहा. आज परवानगी देऊन टाकतो. कोणी विचारत नाही पुढे."

चष्मेवालीनं फॉर्म ओढलाच. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात, इथं तर समोरचा माणूसही भला होता. घरमालकाला 'मावसबहिणी' सांगून खोली मिळवली होती. इतकी वर्षं मावसबहीण होऊन काढली, आता मानलेली. तिनं लिहून टाकलं, आणि सहीसाठी बाईंना आत आणलं.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस करून बाईंच्या अंगात काही उरलं नव्हतं. पण शाळा सुटली तरी मास्तरकी सुटली नव्हती. वाचल्याशिवाय सही करायच्या नाहीत. त्यांनी वाचलं आणि फॉर्म टेबलावर ठेवला.

"हे चूक आहे."

"अगं, कर ना सही," चष्मेवाली म्हणाली. जग त्यांना 'अहो बाई' म्हणायचं, 'अगं' म्हणणारी ही एकटीच. "आधी जीव वाचू दे. शब्दाचं काय घेऊन बसलीस?"

"खोलीसाठी खोटं बोललो, ते ठीक. पण तुझी किडनी पोटात घेऊन जन्मभर तुला बहीण म्हणू? माझ्यानं नाही व्हायचं."

"पुढची बैठक दोन महिन्यांनी आहे," वकिलांनी आठवण करून दिली.

बाईंकडे दोन महिने आहेत का, हे विचारायचं धाडस कुणीच केलं नाही. चष्मेवालीला बाईंचा राग आला, आणि त्या रागापेक्षा जास्त अभिमान वाटला. त्यामुळे तिला रडताही येईना आणि भांडताही येईना.

डॉक्टर म्हणाले, "खरं नातं लिहा. खाली रक्ताच्या माणसानं सही केली, तर मला चालेल. आहे कोणी?"

बाहेर बाकावर दादा होते, बाईंचे थोरले भाऊ. मधुमेहामुळे त्यांची किडनी चालण्यासारखी नव्हती. डायलिसिसला न चुकता गाडी घेऊन यायचे, पण चष्मेवालीशी बोलताना 'अहो'च्या पुढे त्यांची जीभ कधी रेटली नव्हती. त्यांच्या घरी तिला 'ती भाडेकरू' म्हणत.

डॉक्टरांनी दादांना आत बोलावून सगळं सांगितलं. नवा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. दादांनी पेन घेतलं आणि नात्याच्या कोऱ्या रकान्यावर धरून बसले. बाई भावाकडे बघत होत्या. चष्मेवालीला वर बघवेना. या माणसानं आता पेन खाली ठेवलं की संपलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

दादांनी पेन खाली ठेवलं.

"चष्मा विसरलो," ते म्हणाले. "मला काही दिसत नाही. अहो, तुम्हीच लिहा. सही मी करतो."

"काय लिहू, दादा?"

"जे आहे ते लिहा."

त्यांच्या शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर डोकावत होतं. आतल्या काचा तिनंच घासून दिल्या होत्या. तिनं पेन उचललं. हा शब्द लिहायला त्यांचा हात धजत नव्हता, पण त्याखाली स्वतःचं नाव घालायला ते तयार होते. तिला ते पुष्कळ होतं.

तिनं लिहिलं: 'जोडीदार, एकवीस वर्षं.' बाईंनी वाचून मान डोलावली.

"कुठे करू सही?" दादांनी विचारलं.

तिनं बोट ठेवून जागा दाखवली. दादांनी तिच्या बोटाला लागूनच, बारीक ठिपक्यांच्या ओळीवर तसूभरही न ढळता, आडनावासकट पूर्ण सही केली.