नवव्या मजल्याची किल्ली

लसूण उपटायचे दिवस होते आणि मेईफेन वहिनीनं सकाळी सकाळीच घरात भांडण काढलं. नवरा म्हणत होता, माल बाजारात न्यायचा. ती म्हणत होती, माल आपल्या घरात वाळत घालायचा. तो म्हणाला, घर तर हेच की. त्यावर तिनं त्याच्याकडं असं बघितलं की बिचारा सिगरेट पेटवून मुकाट्यानं कोपऱ्यात बसला. मी शेजारचा. माझी तीनचाकी तिनं आदल्या दिवशीच सांगून ठेवली होती, म्हणून मीही त्यात सापडलो.

तिचं घर म्हणजे तालुक्याच्या शहरातला नवव्या मजल्यावरचा फ्लॅट. हेनान प्रांताच्या या सपाटीवर लसणाशिवाय आमच्याकडं आहे काय? तीन वर्षांमागं शहर असं फुगत होतं की, आज घेतलं नाही तर उद्या परवडणार नाही, असं जो तो म्हणायचा. तेव्हा बिल्डरची माणसं भोंगा लावून वस्तीत आली. पहिला हप्ता लसणानं भरा म्हणाली, आणि लसणाला बाजारापेक्षा दुप्पट भाव. पांढऱ्या शर्टातला थोंग नावाचा पोरगा हातमोजे घालून आमचे गड्डे चाचपत होता. प्रत्येक घराला त्यानं तेलाची बुधली फुकट दिली. आम्ही हुरळलो. मेईफेन तर इतकी हुरळली की पेरणीसाठी राखलेला निवडक बियाण्याचा लसूणही तिनं गाडीत ओतला. शेतकऱ्यानं बियाणं विकायचं नसतं, हे तिला काय कळत नव्हतं? पण भावानं डोळे दिपले होते. बाकीच्या रकमेसाठी म्हशी आणि बांधावरची पॉपलरची झाडं गेली.

मग घरांचे भाव पडले आणि इमारत सांगाडा होऊन थांबली. ना खिडक्या, ना नळ, ना वीज. थोंग तेवढा मॅनेजर झाला. घरं कुणी घेईना, म्हणून कंपनीनं नाव बदललं आणि इमारतीसमोर दुकानांचे गाळे विकायला काढले. आमच्या लसणावर उभ्या राहिलेल्या सांगाड्यापुढं यांनी फुगे लावले, कारंजं उडवलं. मला अजून आठवलं की डोकं तापतं.

मेईफेनचा जीव मात्र एकाच गोष्टीत अडकला होता. तिचा जुनल्यांग तिशीला टेकला होता. सियू नावाच्या पोरीशी ठरलं होतं, पोरगी गुणाची होती, पण तिच्या आईनं बजावलं होतं की शहरातल्या घराची किल्ली हातात पडल्याशिवाय लग्न नाही आणि शरदातल्या चंद्राच्या सणापलीकडं आपण थांबणार नाही. आमच्याकडं ही रीतच झालीय. शेत कितीही असो, फ्लॅट नसला की पोराला मुलगी नाही.

तर आम्ही लसूण घेऊन नवव्या मजल्यावर चढलो. लिफ्टच्या जागी नुसतं भोक होतं. पाठीवर जुड्या घेऊन चढताना मी मनातल्या मनात कंपनीच्या सात पिढ्या उद्धरत होतो. वर गेल्यावर मेईफेननं खिडकीच्या चौकटीत तारा ओढल्या आणि लसणाच्या वेण्या टांगायला सुरुवात केली. वारा चहूकडून येत होता.

"भाऊजी, बगा की," ती म्हणाली, "वाळवनीला अशी जागा साऱ्या जिल्ह्यात न्हाई. तेवडं तरी बांदलंय मेल्यांनी."

हे बघून वस्तीतले बाकीचेही आपापल्या मजल्यावर लसूण घेऊन आले. आठवडा जातो न जातो तोच इमारतीचं अख्खं तोंड लसणानं भरलं. वास खाली कारंज्यापर्यंत यायला लागला. गाळे बघायला येणारी माणसं मान वर करून विचारायची की हे काय आहे. आणि आमची म्हातारी माणसं, सूर्यफुलाच्या बिया फोडत, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगायची.

मग एका दुपारी थोंग जिने चढून वर आला. घामानं भिजला होता. आधी त्यानं पोलिसांची भीती घातली. मेईफेन लसणाची वेणी बांधत राहिली. मग तो गोड बोलायला लागला. रविवारी प्रांताच्या राजधानीतून, चंगचौहून, बस भरून गाळ्यांची गिऱ्हाइकं येणार होती, तेवढ्यासाठी इमारत मोकळी दिसायला हवी होती.

"काकू, तळमजल्यावरचा नमुन्याचा फ्लॅट पूर्ण आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "नळ, वीज, सगळं चालू आहे. तुमचं घर होईपर्यंत तो वापरा, मुलाचं लग्न करा. फक्त लसूण काढा. आणि बाकीच्यांनाही काढायला सांगा."

"किल्ली?"

त्यानं खिशातून काढून दिली. मेईफेननं ती पदरात... छे, आमच्याकडं कुठला पदर, आतल्या खिशात घातली आणि म्हणाली, "काडते."

मला वाटलं, तिला तिथून खाली ढकलावी. ज्यांनी तिच्या नादानं माल वर चढवला, त्यांना काय सांगणार होती ही? तिनं सगळ्यांना सांगितलं, लसूण उतरवा, वाळला आता. लोकांनी उतरवला, पण किल्लीची गोष्ट फुटायची ती फुटलीच. कुणी तिच्या दारात थुंकलं. मी तिच्याशी बोलणं टाकलं. गाडी पुन्हा मागितलीस तर बघ, असंही मी तिला ऐकवलं.

रविवारी आम्ही मुद्दाम तमाशा बघायला गेलो. बस आली. इमारत लख्ख मोकळी होती. थोंग पाहुण्यांना घेऊन नमुन्याच्या फ्लॅटकडं निघाला, कारण या गाळ्यांच्या मागं कशी श्रीमंत वस्ती राहणार आहे ते दाखवायचं होतं. लग्नाआधी तिथं कुणी राहायला येईल, असं त्याच्या मनातही नव्हतं. दार सताड उघडं होतं.

आत पांढऱ्या सोफ्यावर मेईफेन लसूण सोलत बसली होती. शेगडीवर शेवयांचं पातेलं उकळत होतं. प्लॅस्टिकची फळं कोपऱ्यात गेली होती आणि त्या जागी वाफाळत्या पावांची टोपली होती. सियू नळाखाली बादल्या भरत होती, आणि जुनल्यांग जिन्यात उभा राहून ओरडत होता, "नळ चालू हाय, ज्येला ज्येला आपल्या घरात ऱ्हायला जायचंय त्येनं पानी भरून घ्या!" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बिनपाण्याच्या इमारतीत कुणी राहू शकत नव्हतं, आणि अख्ख्या इमारतीतला एकच नळ बाईनं हातात घेतला होता. आमची वस्ती क्षणभर घुटमळली आणि मग बादल्या आणायला पळाली.

पाहुणे दारात थबकले. मेईफेननं त्यांना आत बोलावलं. "या, बसा. नमुना बगाया आलाय न्हवं? ह्यो बगा. वरची समदी घरं आमची, पैसं कवाच दिल्यात. खिडक्या न्हाईत, म्हनून पानी हितनं नेतोय."

बसमधली निम्मी माणसं बसमध्ये जाऊन बसली. थोंगचा चेहरा पांढराफटक पडला.

"काकू, आपलं ठरलं होतं," तो दात आवळून म्हणाला.

"लसून काडाया सांगितला, काडला. घर वापराया सांगितलं, वापरतेय."

तेवढ्यात सियूची आई आली. तिलाही मेईफेननंच बोलावलं होतं. बाईनं कुणाकडं बघितलं नाही. नळ उघडून बघितला, दिवा लावून बघितला, संडासात पाणी सोडून बघितलं. मग बादल्या घेतलेल्यांच्या रांगेकडं बघत उभी राहिली.

"किल्ली?" तिनं विचारलं.

मेईफेननं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

थोंग पुढं झाला. "ती कंपनीची आहे. इकडे द्या."

विहीणबाईंनी मूठ मिटली. आयुष्यभर लसूण उपटलेली ती मूठ होती, त्या पोराला ती काय उघडणार?

"दिऊ की," त्या म्हणाल्या. "नवव्या मजल्याची घिऊन ये, आन् ही घिऊन जा."

चंद्राच्या सणाआधी लग्न लागलं. नवव्या मजल्याला खिडक्या अजून बसलेल्या नाहीत. किल्ली विहीणबाईंच्या मुठीतच आहे, आणि पाणी भरायला आम्ही रोज जातो.