दाराचा दांडा आणि बारा टाळकरी

या, असे पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलेल्यांनीसुद्धा या. भिंत कुठे पळून जात नाही. पखवाजाला कणीक लागेस्तोवर एक गोष्ट होऊन जाईल. गोष्ट कडावच्या भिवाजीची, आणि देवाशपथ सांगायचं तर तिच्यात हेलिकॉप्टर आहे.

भिवाजी तीस वर्षं लष्करात हेलिकॉप्टरचा मिस्तरी होता. साधंसुधं नव्हे, दिवे न लावता डोंगरामागून जाऊन कमांडो उतरवणारं हेलिकॉप्टर. निवृत्त होऊन गावी आला. दोन म्हशी, भाताचं शेत आणि संध्याकाळी देवळात टाळ. "फौजेत काय करत हुतास रं?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "नटबोल्ट आवळीत हुतो." त्यापुढे अवाक्षर नाही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी त्याच्या अंगणात हिरवी जीप उभी राहिली. उतरल्या मेजर समीक्षा. वय पस्तीस, काखेत लॅपटॉप. त्या जुन्या हेलिकॉप्टरांना नवं करायचा आराखडा त्यांच्याकडे होता: वैमानिकापुढे माहिती दाखवणारे नवे पडदे, रात्री बघणारे कॅमेरे, गोळी अडवणारे पत्रे. जुन्या मिस्तरींची मतं पत्राने मागवली होती. भिवाजीने चार पानी उत्तर धाडलं. सवयीप्रमाणे पहिली तीन पानं मंगलाचरण. चौथ्याच्या तळाशी एकच ओळ: दाराचा दांडा काढू नये.

"काका, फाईल उद्या सकाळी वर जाते," मेजरबाई म्हणाल्या. "जेवढं वजन आत घालू तेवढं बाहेर काढावं लागतं. उतरताना धरायचा तो दांडा तीन किलोचा आहे. तो नसताना बारा जवान चौदा सेकंदांत उतरतात, संगणकावर करून पाहिलंय."

"मॅडम, संगणकातल्या जवानाला घाम येतो का?"

"मग दाखवा मला. संध्याकाळपर्यंत आहे मी."

"आधी चहा घे गं बाय," भिवाजीची बायको जयवंता मध्येच म्हणाली. "त्यांचं दाखवणं लांबतं."

मांडववाल्या जितेशचा बंद टेंपो आला. मेजरबाईंनी त्यात नव्या आराखड्याप्रमाणे देवळातली दोन बाकं समोरासमोर मांडली. दाराखाली जयवंताने पेंढा अंथरला. आता एका हाकेसरशी उठणारी बारा माणसं कडावात दुपारी तीनला कुठून आणायची? भजनी मंडळातून. वीस वीस किलो भाताच्या गोणी पाठीवर बांधून बारा टाळकरी टेंपोत बसले.

"इचारायचं काय नाय," भिवाजीने बजावलं. "मी 'उतरा' म्हनलो की उतरायचं."

"भाडं कोन देतंय?" जितेशने विचारलं.

"इचारायचं नाय म्हनलं ना!"

मेजरबाईंनी घड्याळ धरलं. भिवाजी ओरडला, "उतरा!"

दाराशी बसलेला लडकू उठला. समोरून मंडळाचे थोरले विठूबुवा उठले. दोघांची नजरानजर झाली. आता कीर्तनात माळकरी माणूस समोर आला की हात आपोआप त्याच्या पायांकडे जातात. लडकू वाकला. "माऊली, तुमी आधी."

विठूबुवा त्याच्याहून खाली वाकले. "छे छे, माऊली, तुमी."

मागच्या जोडीने ते पाहिलं आणि तीही वाकली. मग त्यामागची. टेंपोत बारा पाठी, बारा गोणी आणि एकच "माऊली, माऊली."

भिवाजीने कपाळावर हात मारला. "अरे, समोरून दुश्मन गोळ्या घालतोय असं समजा रं!"

"मग तर थोरल्यानंच पुढं व्हायला पायजे," विठूबुवा म्हणाले.

"वा! तुमी गोळी खानार आनि आमी मागं लपनार?" लडकू चिडला. "मी आधी!"

कोणी आधी मरायचं यावर दीड मिनिट गेलं. शेवटी लडकू जाता जाता पुन्हा एकदा पायाशी वाकला आणि त्याची गोणी डोक्यावरून पुढे घसरली. तोल गेला. हात दाराशी आधार शोधू लागला. आधार नव्हता. हाताला विठूबुवांचं उपरणं लागलं, आणि शिष्य व बुवा दोघेही पेंढ्यात पडले.

"चार मिनिटं दहा सेकंद," मेजरबाई म्हणाल्या आणि तोंडावर रुमाल धरून पाठमोऱ्या झाल्या. सगळं अंगण हसत होतं. भिवाजी मात्र हसला नाही. ही बाई आता हसत हसत जाणार आणि दांडा निघणार, हे त्याला दिसत होतं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "असाच पोशा पडला हुता. खाली पेंढा नव्हता, खडक हुता."

मेजरबाईंनी रुमाल खाली घेतला.

पोशा पळसदरीच्या वरच्या वाडीतला, भिवाजीच्याच तुकडीचा जवान. सरावात हेलिकॉप्टर पुरुषभर उंचीवर थांबलं, वाऱ्याने कललं, आणि दाराशी धरायला काही नव्हतं. गुडघा गेला तो गेलाच. दुसऱ्याच दिवशी भिवाजीने कुणालाही न विचारता खाटेचा पाइप कापून दाराला ठोकला. पुढे तोच दांडा सगळ्या हेलिकॉप्टरांच्या सरकारी कागदावर चढला.

मेजरबाईंनी टेंपोत चढून एक बाक स्वतः ओढलं. "काका, हात लावा. बाकं पाठीला पाठ लावून ठेवू, तोंडं बाहेरच्या बाजूला. आमचे जवान पाया पडत नाहीत, पण समोरासमोर उठले की क्षणभर एकमेकांसाठी थांबतात. सरावात दाराशी वेळ जातो, आणि का जातो ते कळत नव्हतं."

भिवाजीने दाराला बांबू आवळला. यावेळी कुणाला कुणाचं तोंड दिसेना. "उतरा!" म्हणताच एकेक हात बांबूवर पडला आणि एकेक माळकरी खाली. एकोणीस सेकंद, तेही साठीच्या गुडघ्यांनी.

"दांडा राहील," मेजरबाई म्हणाल्या. "पण तीन किलो काढू कुठून?"

भिवाजी घुटमळला. टोपी काढली, पुन्हा घातली. "मागच्या बाकाखाली एक लोखंडी पेटी हाय. कागदावर 'सुटे भाग' लिवलंय."

"मग?"

"तिच्यात मिस्तरी लोकांचा चहाचा स्टो असतो. पेटीसकट चार किलो."

"इतकी वर्षं?"

"माझ्याआधीपासनं. मॅडम, मी सांगितलं म्हनून कुनाला सांगू नका. सगळे मिस्तरी शाप देतील मला."

मेजरबाईंनी लॅपटॉप उघडला, पेटी खोडली, दांडा लिहिला आणि तिथेच अंगणात सही केली. फाईल तशीच वर गेली.

मंडळी, एवढं एक मागणं. पोशा दोन वर्षांमागे गेला. का लंगडतोस असं विचारलं की "झाडावरनं पडलो" म्हणायचा, कारण खरं सांगायची परवानगी नव्हती. जन्मभर वाडीवर नाचणी पेरली, पण शब्द मोडला नाही. आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्याची आठवण ठेवा.