भरल्या गाडीचं दार

तर झालं काय, पुलीच्या साखळीला लटकलेली गाडीची बॉडी सकाळी एकदाची खाली आली आणि अशी अलगद चॅसीच्या सांगाड्यावर बसली, की पत्रा ठोकणाऱ्या डेंटरकाकांच्या तोंडून शीळच निघाली. सगळी भोकं बरोब्बर भोकांवर! खटपटीला तर नुसतं रडू फुटायचं बाकी होतं.

खटपटी म्हणजे घरातली थोरली. बाबांची जुनी गाडी तिनेच हट्टाने सुटी केली होती, आणि मग वर्षानुवर्षं ती गॅरेजभर पसरून पडलेली. धाकटा म्हणायचा, "ताईने भंगारवाल्याचे कष्ट वाचवले." बाबा कधी बोलले नाहीत. फक्त विचारायचे, "दार तसंच लागेल ना गं?"

कारण त्या दाराची ऐटच वेगळी होती. बाबांनी आत बसायचं, एका बोटाने ओढायचं, की ठप्प. त्या आवाजावर शेजारी घरातून ओळखायचे की ही मंडळी निघाली.

आणि आज आजारातून उठलेले बाबा गाडी बघायला येणार, तर नेमकं तेच दार लागेना! खालून बसायचं, वरची कड खांबाला अडायची. बोल्ट सैल करून झाले, आवळून झाले. बॉडी आणि चॅसीच्या मधे रबराचं पॅकिंग असतं ना, तेही तिने जुन्या एकेका तुकड्याची जाडी मोजून हुबेहूब कापलं होतं. मग चुकलं कुठे?

"कानस मारू का कडेला?" डेंटरकाका म्हणाले. "चुटकीसरशी होईल."

"काका, ती कड मूळची आहे."

"मग मूळचं दार उघडं घेऊन फिर."

शेवटी तिनेच कानस उचलली. कडेला टेकवली, आणि गॅरेजच्या दारातून आवाज आला, "काय करतेस?"

बाबा. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला धाकटा.

"लागत नाहीये, बाबा. सगळं होतं तसं केलं, तरी."

बाबांनी कडेवरून हात फिरवला. वाकून पॅकिंग बघितलं. मग हळूच आत चढले आणि, सीट नव्हत्याच, रंगाच्या डब्यावर बसले. दार ओढलं. अडलं. थोडं कमी अडलं, पण अडलं.

"मी वाळलो ना," ते खटपटीला म्हणाले. "ताई, पुढे ये, आईच्या जागी. तुम्ही तिघं मागे."

"दादा, या वयात मी डब्यावर बसू?" आत्या म्हणाली.

"तेव्हा तर खिडकीसाठी कशावरही बसायचीस."

चढली बिचारी, आणि चढल्या चढल्या खिडकीची जागा धरली. डेंटरकाका पलीकडे. मधे धाकटा शिरला तशी गाडी चांगली हातभर खाली गेल्यासारखी वाटली.

"आज पहिल्यांदा माझ्या वजनाचा घराला उपयोग झाला," तो म्हणाला.

बाबांनी एका बोटाने दार ओढलं.

ठप्प.

बाबांनी उघडलं, परत लावलं. ठप्प.

"अगं, पॅकिंग लावलं तेव्हा सगळे आत बसलेले होते," बाबा म्हणाले. "मागे माझे आई-अप्पा आणि ही आत्या, पुढे तुझी आई, तिच्या मांडीवर तू. मिस्त्री म्हणाला, रिकामी करा. मी म्हटलं, ही रिकामी जातेच कधी? भरल्या वजनाला दार लागेल असंच पॅकिंग बसव."

खटपटी पुढच्या बोडक्या पत्र्याकडे बघत राहिली. जाड्या तिने सगळ्या मोजल्या होत्या. माणसं मोजली नव्हती.

"आता रिकाम्या गाडीवर पॅकिंग बसवू का पुन्हा?" डेंटरकाकांनी मागून विचारलं. "नाहीतर एकटं जाताना दार धरून बसावं लागेल."

बाबा खटपटीकडे बघायला लागले. तिने कानस पायाशी ठेवली.

"राहू दे, काका. एकटं जायचंय कुणाला?"

खरं तर आता उतरायला हवं होतं. काम पडलं होतं केवढं! पण कुणी हलेचना. गॅरेजच्या दारातून वारा आत आला, आणि मागून आत्या अगदी सवयीने म्हणाली, "दादा, काच घे रे वर. कानाला लागतोय."

काच कुठली आणि काय! पण बाबांचा हात आपसूक दाराशी गेला, नसलेला दांडा मुठीत धरला, आणि हळूहळू फिरवायला लागला.