न फुटलेल्या काचांची ऑर्डर

भोंग्याने यादी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "या काचा सोमवारी सकाळी तयार हव्यात." भोंगा म्हणजे आमच्या पक्षाचा गल्लीप्रमुख. तो कानात कुजबुजला तरी चौकात ऐकू जातं. त्या दिवशी मात्र हळू बोलत होता.

पंचवीस वर्षं मी काचा कापतोय. माणसांची नावं विसरतो, खिडक्यांची मापं नाही. यादीत अकरा मापं होती. सातव्याची एक बाजू दोन सूत, म्हणजे पाव इंच कमी. अशी वाकडी खिडकी अख्ख्या गावात एकच, माझ्या मेव्हण्याच्या स्वयंपाकघराची. चौकट त्याने स्वतः ठोकली होती आणि मी त्यावरून त्याला वर्षभर छळलं होतं. बाकीची दहा मापंही त्याच्याच गल्लीतली.

"यातली एकही काच फुटलेली नाही," मी म्हणालो.

"रविवारी मोर्चा तिकडून जाणार आहे. दुरुस्तीचं काम आपल्याच माणसाला मिळावं, एवढंच." त्याने पेन खिशाला अडकवलं. "देश एक करायचा म्हणजे थोडं फुटणारच."

त्या खिडकीखाली भाची अभ्यासाला बसते.

मेव्हणा विरुद्ध पक्षाचा, आणि कट्टर. निवडणुकीपासून आमचं बोलणं बंद होतं. त्याला वाटे आम्ही देश बुडवतोय. मला वाटे त्यांनी तो आधीच बुडवलाय. बायको मधल्यामध्ये भरडली जात होती. तरी यादी घेऊन त्याच्या दारात गेलो.

त्याने ती दोनदा वाचली. "परवा नगरपालिकेचा माणूस म्हणून एकजण टेप लावून गेला. तुमच्यातलाच ना, दाजी?"

"आमच्यातलाच." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारभर आम्ही अकरा घरांच्या काचा उतरवल्या, म्हणजे तुकडे तरी कुणाच्या अंगावर उडायला नकोत. भांडण चालूच होतं. त्याने माझ्या नेत्याला चोर म्हटलं, मी त्याच्या नेत्याला नाटक्या. पण काच दोघांनी धरलेली असताना हात सोडता येत नाही.

रविवारी भाचीला माझ्या घरी पाठवलं आणि मी मेव्हण्याकडे थांबलो. मोर्चा वळणावर आला तशा घोषणा वाढल्या. मग पुढची रांग थबकली. काचा नव्हत्या आणि प्रत्येक उघड्या चौकटीत माणसं येऊन उभी होती. आता दगड मारला तर तो थेट तोंडावरच बसणार होता. याचा विचार आम्हीही केला नव्हता.

भोंगा सगळ्यात पुढे होता. मुठीत दगड. मला पाहून तो म्हणाला, "बाजूला हो."

"दाजी, तुम्ही जा," मेव्हणा पुटपुटला. "ते तुमचे आहेत."

"तूही माझाच आहेस, गाढवा." मी वाकडी चौकट दोन्ही हातांनी धरली. तो माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "कोण आहे रे तो? आपला की त्यांचा?"

भोंग्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मेव्हण्याकडे. दगड मात्र त्याने खाली टाकला नाही.