पिठातले दोन खड्डे

आमच्या गावच्या सायकल क्लबात साठी गाठणाऱ्याला एक मान असतो. वाढदिवसानंतरच्या रविवारी तो पुढे, बाकीचे सगळे मागे, आणि दगडी चढ संपून वरचा कॅफे येईपर्यंत त्याला कुणी ओलांडायचं नाही. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मागून तो चढ चढले होते. आता माझी पाळी तीन आठवड्यांवर आली, आणि मला रेसच्या सायकलवर अर्धा तासही बसवेना.

दुखत होतं भलत्याच जागी. आम्ही बेल्जियममधल्या फ्लँडर्सची माणसं गुडघेदुखी तासभर ऐकवू, पण या दुखण्याचं नाव काढणार नाही. सर्दीचं निमित्त सांगून मी दोन रविवार बुडवले आणि गुपचूप बाजारातली सगळ्यांत जाड, मऊ सीट आणून बसवली. दुखणं दुप्पट झालं. मला रडू यायचं तेवढं राहिलं होतं.

शेवटी माझ्या नवऱ्यानं, फिरमिननं, सायकल दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या ओडिलला थेट आमच्या बेकरीतच आणून उभं केलं.

"काय गं लीव्ह, सर्दी बुडात उतरली म्हणे?"

मी फिरमिनकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं. "यांनी सांगितलं ना तुम्हाला?"

"सांगायला कशाला पाहिजे? सायकलवर सोफा ठेवलायस, अख्खं गाव बघतंय. अगं, मऊ गादीत हाडं रुततात आणि भार येतो नाजूक जागी. हाडांवर बसायचं असतं. बुडाच्या दोन हाडांतलं अंतर मोजू आणि त्या मापाची सीट लावू. एखादा पुठ्ठा दे, त्यावर बस."

"पुठ्ठा कशाला?" फिरमिन म्हणाला. "पीठ आहे की!"

त्यानं बिस्किटांचं थंड पीठ बाकावर जाडसर थापलं, वर कागद घातला. "बसा राणीसाहेब."

"मेले तरी बसणार नाही."

"नको बसू. साठी काय, दरवर्षी येतेच."

बसले. ओडिल सज्जनपणे भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी उठले, तर पिठात दोन सुबक खड्डे. ओडिलनं पट्टी लावली. "तेरा सेंटिमीटर."

"पस्तीस वर्षांचा संसार," फिरमिन म्हणाला, "आणि हा आकडा मला आज कळतोय!"

हसून हसून आम्हा तिघांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी लाज कुठल्या कुठे पळाली.

ओडिलनं एक अरुंद, टणक सीट बसवली. मला धडकीच भरली. "आणि सायकलच्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालत नाहीस ना?" त्यानं विचारलं. मी घाईघाईनं बाकावरचं पीठ गोळा करू लागले. "लीव्ह! वीस वर्षं?"

"सभ्य घरातली आहे मी!"

"शिवणीवर बसतेस रोज. काढ ती सभ्यता."

माझ्या मानाच्या रविवारी मी पुढे निघाले. पहिले चार किलोमीटर दुखण्याची वाट पाहिली. ते आलंच नाही. मग चढ लागला, दगडांवर सायकल थडथडू लागली, मांड्या पेटल्या, छाती फुटायला आली आणि मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं गाऊ लागले. वर पोचल्यावर उतार दिसला, वारा पाठीशी होता, पाय थांबेनात.

"लीव्ह!" मागून फिरमिन ओरडला. "अगं, कॅफे मागे राहिला! थांब, बिअर!"

सीटवर बसलेय हेच मी विसरले होते, तर कॅफे कुठून आठवणार?