भिवराबाईच्या हातावरचा नंबर

कातडं ताणल्याशिवाय सुई टेकवायची नाही, हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की आता झोपेतही तेच बडबडत असेन. सिरसाळ्यात बसस्टँडसमोर माझं टॅटूचं दुकान आहे. शिकायला पोरं येतात. मशीन हातात आली की आठवड्यात कलाकार होतात आणि पुढच्या आठवड्यात गायब. रेघ त्यांची वाकडी आणि डोकं माझं उठलेलं. टिकली ती एकटी तेजश्री. उमापूरच्या एका बागायतदाराची लेक, इथं मावशीकडे राहते. घरी मेंदीचा क्लास सांगून येते. तिच्या वडिलांना खरं कळलं तर आधी माझं कातडं ताणतील.

त्या दिवशीही मी तिच्यावर खेकसत होतो. समोर सरावाचं रबरी कातडं आणि त्यावर तिनं काढलेलं एक फूल.

"डावा हात रिकामा कावून ठेवला? ताण. सगळ्या बाजूंनी ताण. सुई तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकी आत, बास. जास्त रुतली की शाई फुटती, आतल्या आत पसरती. मग ती रेघ कुणाच्या बापाला बारीक करता येत न्हाई."

"रबरावर तर फुटत न्हाई, दादा."

"म्हणून तर रबरावर कुणी शहाणं होत न्हाई."

खऱ्या माणसाला तिनं अजून सुई लावली नव्हती. मीच लावू दिली नव्हती. बिघडलेलं काम निस्तरायचा मला आता कंटाळा येतो.

तेवढ्यात शहादेव दारात उभा राहिला. मागं त्याची बायको मनिषा, आणि तिच्या हाताला धरून त्याची आई भिवराबाई. शहादेव-मनिषा दरसाल ऊसतोडीला जातात. दसरा होऊन गेला होता, टोळी दुसऱ्या दिवशी निघणार होती.

"आईच्या हातावर फोन नंबर काढायचाय," शहादेव म्हणाला.

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

"आई लई विसराय लागली. घर सोडून चालाय लागती. कुणी अडवलं तर ना गाव सांगता येतं, ना नाव. गेल्या सालाला संगं नेलतं, तर कारखान्याच्या तळावरून उसातच शिरली. आख्खी टोळी काम सोडून हुडकत बसली. आवंदा मुकादम म्हणला, म्हातारीला घरीच ठिवा. शेजारची सुभद्राबाई भाकरतुकडा देईल, पण ती तरी किती राखण करील?"

"चिठ्ठी ठेवायची जवळ," मी म्हणालो.

"पोलक्यात शिवली होती, धुण्यात गेली," मनिषा सासूकडे बघत म्हणाली. "गळ्यात बिल्ला घातला, तो आत्यानं शेळीच्या गळ्यात बांधला."

मला हसू आलं आणि लगेच वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्याचा राग मी शहादेववर काढला. "तिला इचारलं का? माणूस हाय ते, जनावर न्हाई."

"जनावराच्या कानात बिल्ला असतो, प्रविणभाऊ," तो थकल्या आवाजात म्हणाला. "हरवलं तर कुणाचं हाय ते कळतं तरी."

मी विचारलं, नंबर कुणाचा? तो म्हणाला, माझा. मग स्वतःच खाली बघायला लागला. त्याचं सीम दर हंगामात रिचार्जवाचून बंद पडतं, हे त्यालाही माहीत होतं. मुकादमाचा टाकावा, तर मुकादम दरसाल वेगळा. सुभद्राबाईकडे फोनच नाही.

"दुकानाचा टाकू," तेजश्री म्हणाली. "पाटीवर रंगवलेला हाय. तो काय बदलायचा न्हाई."

मी तिच्याकडे रागानं बघितलं. आधीच दिवसभर फोन: खाज सुटली, खपली निघाली, बायकोनं बघितलं आता पुसायचं कसं? त्यात आणखी एका म्हातारीची जबाबदारी. पण म्हातारी समोर बसलेली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

मी हातमोजे घातले आणि तिचा हात धरायला गेलो. तिनं झटक्यात मागं ओढला.

"बाप्याला हात दिऊ व्हय? गोंदणारीण कुटंय?"

तिच्या हातावर जुनं गोंदण होतं. तुळशीवृंदावन, ठिपक्यांची रांग, सगळं हिरवट पडलेलं. स्वतःचं गाव, घर विसरलेली बाई, पण गोंदताना हात बाईच्याच हातात द्यायचा, हे तिच्या मनातून गेलेलं नव्हतं. मी समजावलं, शहादेवनं समजावलं. ती हात पदराखाली घेऊन बसली.

आता खरी पंचाईत झाली. म्हाताऱ्या माणसाचं कातडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं असतं. तिथं माझाही हात जपून चालतो, शिकाऊ पोरीचं काय घेऊन बसलात! पण टोळी उद्या निघणार होती.

तेजश्री म्हातारीसमोर खाली बसली.

"आजी, तुमच्या हातावर नंबर काढते. वाट चुकली तर कुणीबी फोन करील, मग आमी न्यायला येऊ. काढू का?"

भिवराबाईनं तिच्या तोंडाकडे बघितलं. मग हात बाहेर काढला.

"काढ. आन माझं नाव बी काढ. मलाच सापडंना झालंय ते."

मनिषानं तोंड फिरवलं. शहादेव दुकानाबाहेर जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला.

तेजश्रीनं हात धुतले, मोजे घातले, नव्या सुईचं पाकीट सगळ्यांसमोर फोडलं. छापाच्या कागदावर नाव आणि नंबर लिहून ते म्हातारीच्या हातावर उमटवले. कातडं ताणलं, चांगलं ताणलं. मशीन सुरू झाली आणि पहिल्याच 'भि'ला सुई रुतली. रेघेभोवती निळसर डाग पसरला. तिनं मशीन उचलली.

"दादा, फुटली." तिचे डोळे भरले होते.

मशीन हिसकावून घ्यावी असं मला फार वाटलं. पण म्हातारीनं हात तिच्या हातात दिला होता, माझ्या नाही. मी भिंतीला टेकलो.

"रडू नको. मशीन बंद कर. दुसरी नवी सुई फोड, नुसत्या हातानं टोच. ठिपक्याला ठिपका लाव. ह्या कातड्याला दाण्याइतकं बी खोल नको, त्याच्या निम्मं. नाव झालं की नंबर. अंक मोठे काढ, पोटात जागा ठेव, न्हाईतर आठ भरून जातो. पुसताना घासू नको, दाबून उचल."

दुपार सरली. माझे उभ्याउभ्या पाय भरून आले. मधेच म्हातारी म्हणाली, "हात हलका हाय गं तुजा," आणि तेजश्रीनं पुढचा ठिपका लावला.

शेवटी शहादेव आत आला. त्यानं एकेक अंक पाटीशी ताडून बघितला. ऊन लावू नका, खाजवू देऊ नका, सुभद्राबाईला सांगून ठेवा, असं मी सांगत राहिलो आणि तो मान हलवत राहिला. आईच्या हातावर बोट न टेकवता तो वरून फिरवत होता. दुसऱ्या दिवशी टोळी गेली.

थंडी पडल्यावर फोन आला. माजलगावच्या धान्याच्या मोंढ्यातून एक हमाल बोलत होता. "म्हातारी हाय, हातावर भिवराबाई लिवलंय. तुमची आई का?"

नाही म्हणायचं होतं. "हो," म्हणालो. दुकान बंद केलं. दिवसभर वाकून अंग इतकं मोडून आलं होतं की गाडीला किक मारायचंही जिवावर आलं. तेजश्री मागं बसली.

भिवराबाई पोत्यांच्या थप्पीला टेकून चहा पीत होती. पायाला धूळ, डोक्यावर पदर नीट. ती इथवर कशी आली, कुणालाच ठाऊक नव्हतं. तेजश्रीला बघून ती हसली.

"आली का गोंदणारीण!"

तेजश्रीनं तिचा हात हातात घेऊन बघितला. 'भि' फुटलेलाच होता. बाकी नाव आणि सगळा नंबर स्वच्छ बसला होता. मला फार बरं वाटलं, आणि ते मी पोरीला सांगितलं सुद्धा.

म्हातारीनं दुसरा हात पुढं केला. "आता ह्याच्यावर काढ. माज्या पोराचं नाव."

"काढते की. काय नाव काढू?"

भिवराबाई तिच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग रस्त्यानं उसाची ट्रॉली चालली होती तिकडे. कप तिच्या हातात तसाच राहिला.

"तूच सांग की," ती म्हणाली.

तेजश्रीनं माझ्याकडे बघितलं.

"शहादेव," मी म्हणालो.

"शहादेव." तिनं ते सावकाश म्हणून बघितलं. तिला आवडलं. "चांगलं हाय गं नाव. कुणी ठिवलं?"

"तुमीच, आजी," तेजश्री कशीबशी म्हणाली.

म्हातारी खूश झाली आणि हात तसाच पुढं धरून बसून राहिली. आम्हाला तिथून लवकर उठता आलं नाही.