हजारी अडीच

कापसाला सोन्याचा भाव आला तसे अकोल्यात खूनही वाढले, असं कचेरीतल्या साहेबाचं ठाम मत होतं. अमरावतीचा तक्ता तेच सांगत होता: शहर वाईट, खेडी गुणी. आता अकोल्याचा तक्ता कारकून वामनरावांनी करायचा होता. दर हजार माणसांमागे वर्षाला किती खून, शहरात आणि भोवतालच्या एकेका गावात. तो पाहून साहेब खेड्यांतले शिपाई शहरात आणणार होता.

अकोल्याचं सोपं होतं. वस्ती बारा हजार, खून बारा, हजारी एक. खेड्यांपुढे मात्र शून्यांची रांग लागली. ही शून्यं कुठून येतात ते वामनरावांना चांगलं ठाऊक होतं. पंचनामा गावचा पाटील करणार, आणि आपल्याच हाताने गावाच्या तोंडाला काळं कोण फासतो?

अकोटजवळच्या चारशे वस्तीच्या गावापाशी त्यांची लेखणी अडली. तिथले पाटील पंजाबराव त्यांचे व्याही. थोरली लेक शकुन त्याच घरात दिलेली; गेल्या चैत्रात पाय घसरून विहिरीत पडली म्हणे. विहिरीला पाणी गुडघाभर, आणि पोरीच्या गळ्यावर बोटांचे वळ. वामनरावांनी ते डोळ्यांनी पाहिले होते. पण संशय घेतला की प्रेत चिरायला अकोल्याला नेतात, लेकीची विटंबना होते, म्हणून पाटलांनी पुढे केलेल्या अपघाताच्या पंचनाम्यावर या बापाने मुकाट सही केली. वर रीतीप्रमाणे धाकटी लीला त्याच जावयाला द्यायचं ठरलं. लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. बायको रोज रडायची आणि वामनराव तिला गप्प करायचे. लाज त्यांनाही वाटत होती.

शून्य लिहिलं असतं तर सगळं सुरळीत होतं. त्यांनी एक लिहिला.

साहेब तक्ता पाहून हसला. चारशेत एक म्हणजे हजारी अडीच. एवढंसं गाव अकोल्याहून खुनी? कारकुनाचीच चूक असणार, म्हणून त्याने पंचनामा काढायला लावला. त्याखाली सही वामनरावांची. मग यातलं खोटं कोणतं, तक्ता की सही, असं त्याने विचारलं. आता तो हसत नव्हता.

नोकरी गेली हे वामनरावांना कळलं, कदाचित तुरुंगही होता.

"सही खोटी हाय, साहेब. पोरीले मारलं, अन् मी ते झाकलं."

मग वर्षभर गप्प का बसलात, साहेबाने विचारलं.

"मेलेल्या पोरीची अब्रू राखत होतो. अन् जित्ती पोर त्याच घरात देऊन राहिलो होतो."